पंगतीला बसवणं वेगळं, शाल पांघरणं वेगळं

न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या एका वसईकर तरुणाने विचारलं आहे: "फादर, न्यूयॉर्कचे आर्चबिशप दर ऑक्टोबरात ॲल स्मिथ डिनरला राजकारण्यांना बोलावतात. त्यात गर्भपाताच्या कायद्याचे उघड समर्थकही असतात. आर्चबिशप त्यांच्या शेजारी बसून हसतात, फोटो निघतात. आमच्या इथल्या मराठी कॅथलिक मंडळींत यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, हा शुद्ध दुटप्पीपणा. दुसरा म्हणतो, येशू जकातदारांबरोबर जेवला, तुम्ही कोण बोलणारे? मला एका निषेधाच्या निवेदनावर सही करायला सांगताहेत. करू का? आणि आपल्या गावच्या सणाला आमदार येतातच की, ते कसं चालतं?"

मी सेमिनरीत बरीच वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, धर्मग्रामांत प्रमुख धर्मगुरू म्हणून राहिलो आणि कोणाला बोलवायचं, कोणाला माईक द्यायचा, या कटकटीत पुरेसा भाजून निघालो. तेव्हा आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी न पटणाऱ्या नेत्याला धर्मगुरूने जेवायला बोलावणं, यात मला गैर दिसत नाही. मी एकच गोष्ट बघतो. पाहुणा येण्याआधी आणि गेल्यावर यजमानाची जीभ मोकळी आहे का? ज्या प्रश्नावर मतभेद आहे त्या प्रश्नावर तो पाहुण्याला ऐकू जाईल असं बोलतो का? बोलत असेल तर खुशाल पंगत मांडावी. पंगतीमुळे तोंडाला कुलूप लागत असेल, तर पाहुणा कितीही धार्मिक असो, ती पंगत महागात पडली.

आता ॲल स्मिथ कोण होते ते सांगायला हवं, कारण भांडणाऱ्या दोन्ही तटांना ते सहसा ठाऊक नसतं. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीतला हा मुलगा. वडील गेल्यावर शाळा सोडली, फुल्टनच्या मासळीबाजारात काम केलं. पुढे चार वेळा राज्याचा गव्हर्नर झाला आणि १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने त्याला अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. मोठ्या पक्षाचा तो पहिला कॅथलिक उमेदवार. प्रचारात त्याच्या आगगाडीच्या वाटेवर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी, कॅथलिकविरोधी संघटनेने क्रूस पेटवले. कॅथलिक माणूस अध्यक्ष झाला तर देश रोममधून चालेल, ही ओरड होती. आदल्या वर्षी 'अटलांटिक मंथली'त एका वकिलाने जाहीर पत्र लिहून हाच प्रश्न विचारला होता आणि स्मिथनी त्याच मासिकात उत्तर दिलं होतं. त्याचा आशय असा, की राज्यघटनेच्या कारभारात ढवळाढवळ करण्याचा माझ्या चर्चला काही अधिकार आहे असं मी मानत नाही. निवडणूक ते हरले. हर्बर्ट हूवर निवडून आले.

म्हणजे बघा, ज्याच्या नावाने हे जेवण होतं तो माणूसच 'बिशप सांगतील तसं मी राज्य चालवणार नाही' असं छापून सांगणारा होता. त्याच्या नावाच्या मेजवानीत नेत्यांकडून ख्रिस्तसभेच्या प्रत्येक शिकवणुकीवर सही मागायची, हे मला जरा विनोदीच वाटतं.

स्मिथ १९४४च्या ऑक्टोबरात वारले आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे आर्चबिशप फ्रान्सिस स्पेलमन यांनी हे जेवण सुरू केलं. ऑक्टोबरातला तिसरा गुरुवार, वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेल (मधली काही वर्षं त्याच्या डागडुजीमुळे दुसरीकडे), पुरुषांना पांढरा बो आणि शेपटीचा कोट. तिकिटं हजारो डॉलरची आणि पैसा गरजू मुलांच्या मदतकार्याला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वर्षी दोन्ही उमेदवारांना बोलवायचं, त्यांनी एकमेकांची आणि स्वतःची टिंगल करायची, ही प्रथा हळूहळू पडली. १९६० साली केनेडी आणि निक्सन दोघे होते. धोरणावर भाषण करायचं नसतं, विनोद करायचे असतात. ती मर्यादा मोडली की श्रोतेच खडसावतात. २०१६ साली ट्रम्प यांनी, हिलरी क्लिंटन इथे कॅथलिकांचा द्वेष करत नसल्याचं सोंग करताहेत, असा टोला मारला आणि त्या श्रीमंत, शिष्ट सभागृहात हुर्यो उडाली.

पण ही प्रथा अखंड नाही. १९९६च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी उशिराच्या गर्भपाताच्या एका पद्धतीवर बंदी घालणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओ'कॉनर यांनी क्लिंटन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बॉब डोल, दोघांनाही बोलावलं नाही. २००४ साली जॉन केरी हे कॅथलिक आणि गर्भपाताच्या हक्काचे समर्थक असे उमेदवार होते. ओ'कॉनर यांच्यानंतरचे कार्डिनल ईगन यांनी केरी आणि बुश दोघांनाही वगळलं. एकाला टाळायचं म्हणून दोघांना टाळायचं, यामागे थोडा कायदाही असतो. करमाफी मिळवणाऱ्या धर्मादाय संस्थेने कोणत्याही उमेदवाराची बाजू घेऊ नये, असं अमेरिकेत १९५४पासून कलम आहे. तरीही मला ओ'कॉनर यांचा मार्ग फारसा भावत नाही. ज्याच्यावर राग आहे त्याला तो तोंडावर सांगायची संधीच त्यांनी घालवली.

आणि ती संधी कशी घ्यायची, ते २०१२ साली दिसलं. गर्भनिरोधकांचा खर्च विम्यात घालायलाच हवा, या ओबामा सरकारच्या नियमाविरुद्ध मे महिन्यात देशभरातल्या ४३ कॅथलिक संस्था न्यायालयात गेल्या. त्यांत न्यूयॉर्कचा आर्चडायोसीसही (आर्चबिशपांचा धर्मप्रांत) होता. म्हणजे यजमानाने पाहुण्यावर खटला भरला होता! आणि त्याच पाहुण्याला ऑक्टोबरात जेवायचं आमंत्रण. न्यूयॉर्कचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल डोलन यांच्याकडे निषेधाच्या पत्रांचा ढीग आला. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर उत्तर दिलं. आपल्याशी सहमत असणाऱ्यांबरोबर किंवा फक्त संतांबरोबर बसायचं ठरवलं तर मला रोज एकट्यानेच जेवावं लागेल, असं ते म्हणाले. हा पुरस्कार नाही आणि पाहुण्याच्या धोरणाला संमतीही नाही, हेही त्यांनी सांगितलं. १८ ऑक्टोबरला ओबामा आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी दोघे आले. खटला मागे घेतला गेला नाही. मला पटतं ते एवढ्यासाठीच.

त्याच वर्षी डोलन दोन्ही पक्षांच्या अधिवेशनांत शेवटची प्रार्थना म्हणायला गेले. शार्लटला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, गर्भपाताच्या हक्काचा जयघोष ऐकून आलेल्या प्रतिनिधींसमोर, जन्माची वाट पाहणाऱ्यांचं स्वागत आणि रक्षण होवो, असं त्यांनी प्रार्थनेत घातलं. आवाज चढवला नाही, कोणाचं नाव घेतलं नाही, पण वाक्य गाळलंही नाही.

आता विरोध करणाऱ्यांचा हुकमी पत्ता. अमेरिकन बिशपांनी जून २००४मध्ये राजकारणातल्या कॅथलिकांविषयी एक निवेदन काढलं. मूलभूत नैतिक तत्त्वांना धुडकावून वागणाऱ्यांना कॅथलिक संस्थांनी गौरवू नये, त्यांच्या कृतीला पाठिंबा आहे असं सूचित होईल असे पुरस्कार, सन्मान किंवा व्यासपीठ देऊ नये, असं त्यात आहे. निवेदनावर सह्या गोळा करणारे यातले 'पुरस्कार, सन्मान, व्यासपीठ' एवढेच शब्द उचलतात. 'पाठिंबा सूचित होईल असे' ही अट त्यांच्या कागदावर येता येता गळून पडते. जेवण त्या यादीत नाहीच. व्यासपीठ आहे, पण अटीसकट.

ही अट कुठे लागू होते आणि कुठे नाही, हे नोटर डेम विद्यापीठाच्या दोन प्रसंगांवरून नीट कळतं. सप्टेंबर १९८४मध्ये न्यूयॉर्कचे कॅथलिक गव्हर्नर मारिओ कुओमो तिथे गेले आणि 'गर्भपात मला व्यक्तिशः मान्य नाही, पण कायद्याने सगळ्यांवर लादणार नाही' ही भूमिका त्यांनी सविस्तर मांडली. आमंत्रण ईशज्ञान विभागाचं होतं. त्याच महिन्यात तिथेच हेन्री हाइड हे गर्भपातविरोधी कॅथलिक खासदार आले आणि त्यांनी दुसरी बाजू मांडली. पदवी नाही, पदक नाही. भाषण, प्रतिवाद, प्रश्न. कुओमोंचा युक्तिवाद मला आजही लंगडा वाटतो. परंतु विद्यापीठाने तो ऐकायला ठेवला म्हणून मी त्याला दोष देत नाही, वर्गात तो मी स्वतः शिकवला आहे.

१७ मे २००९ला मात्र त्याच विद्यापीठाने अध्यक्ष ओबामांना पदवीदान समारंभाचे वक्ते केलं आणि सोबत कायद्याची मानद डॉक्टरेट दिली. स्थानिक बिशप जॉन डार्सी समारंभाला गेले नाहीत. कितीतरी बिशपांनी जाहीर नापसंती दाखवली. पण सगळ्यांत नेमका घाव घातला तो एका प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी नसलेल्या, बाईंनी. मेरी ॲन ग्लेंडन या हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापिका, व्हॅटिकनमधल्या अमेरिकेच्या माजी राजदूत. त्याच समारंभात विद्यापीठाचं मानाचं लेटारे पदक त्यांना मिळणार होतं. त्यांनी ते नाकारलं. विद्यापीठ टीकाकारांना सांगत सुटलं होतं, की ग्लेंडन यांचंही भाषण आहेच की, त्यामुळे तोल साधला जाईल. पदक स्वीकारताना बोलायच्या चार शब्दांवर एवढं ओझं टाकणं त्यांना मान्य नव्हतं. मी ग्लेंडन यांच्या बाजूचा आहे. मानद पदवी देताना जे मानपत्र वाचतात त्यात 'पण' नसतो. संस्था त्या दिवशी फक्त स्तुती करू शकते. यजमानाची जीभ बांधलेली असणं हा त्या विधीचाच भाग आहे.

अगदी अलीकडचं प्रकरण शिकागोचं. २०२५ साली कार्डिनल ब्लेझ क्युपिच यांचा आर्चडायोसीस सिनेटर डिक डर्बिन यांना स्थलांतरितांसाठी केलेल्या कामाबद्दल जीवनगौरव देणार होता. डर्बिन गर्भपाताच्या हक्काचे जुने समर्थक. ते ज्या स्प्रिंगफील्ड धर्मप्रांतात राहतात तिथे २००४पासून त्यांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सेच्या उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेता येत नाही. तिथले बिशप थॉमस पॅप्रॉकी यांनी उघड हरकत घेतली, मागोमाग इतर बिशपही उभे राहिले. ३० सप्टेंबरला डर्बिन यांनीच सन्मान नाकारला. त्याच दिवशी पोप लिओ यांना पत्रकारांनी गाठलं. संपूर्ण कारकीर्द पाहायला हवी, असं ते म्हणाले. गर्भपाताला विरोध, पण देहदंडाला होकार, किंवा स्थलांतरितांना मिळणाऱ्या अमानुष वागणुकीला होकार, याला जीवनवादी (प्रो-लाइफ) कसं म्हणायचं, असाही त्यांचा सवाल होता.

पोप महोदयांचा मुद्दा मला मोलाचा वाटतो. तरी डर्बिन यांना पुरस्कार देणं चुकलंच असतं असं माझं मत आहे. त्यांच्याबरोबर स्थलांतरितांच्या छावणीला भेट द्या, त्या विषयावर परिसंवाद घ्या, जेवायला बोलवा. पण 'जीवनगौरव' म्हटलं की सगळं जीवन आलं, त्यातून हवा तो तुकडा कापून घेता येत नाही.

वेदीजवळ ख्रिस्तप्रसाद द्यायचा की नाही हा निराळा प्रश्न आहे. तो ख्रिस्तसभेच्या अंतर्गत कायद्याच्या, म्हणजे कॅनन कायद्याच्या, ९१५व्या कलमाचा, आणि जेवणाच्या वादात तो आणला की गोंधळ माजतो. मे २०२२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप कॉर्डिलिओन यांनी गर्भपाताच्या हक्काच्या समर्थक, प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांना ख्रिस्तप्रसाद बंद केला. पुढच्याच महिन्यात रोमला सेंट पीटर्समध्ये पोपच्या मिस्सेत पेलोसींनी तो घेतला. एवढं दोन टोकांचं चित्र असेल तर ते तुमच्या-माझ्या निवेदनाने सुटणार नाही. इतिहासात मिलानच्या संत अंब्रोजने ३९० साली, रोमन सैन्याने केलेल्या थेस्सलनीकाच्या कत्तलीनंतर, सम्राट थिओडोसियसला प्रायश्चित्त केल्याशिवाय वेदीजवळ येऊ दिलं नाही. पत्रव्यवहार मात्र चालू ठेवला. वेदी बंद आणि संवाद चालू, असंही होऊ शकतं.

आता मी वर म्हटलं ते उलट्या बाजूनेही बघू. एप्रिल २०२०मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी कॅथलिक पुढाऱ्यांशी फोनवर सामूहिक बोलणं केलं. कोविडमुळे कॅथलिक शाळा बुडत होत्या, सरकारी मदत हवी होती. काही दिवसांतच कार्डिनल डोलन यांनी दूरचित्रवाणीवर ट्रम्प यांच्या नेतृत्वाची तारीफ केली आणि अनेक कॅथलिकांनी त्यांना निषेधाचं पत्र लिहिलं. इथे ना मेजवानी होती, ना पदक. पण हात पुढे पसरलेला होता. स्थलांतरितांच्या प्रश्नावर जे स्वर आधी ऐकू यायचे ते त्या दिवशी ऐकू आले नाहीत. २०१२चे डोलन आणि २०२०चे डोलन एकच. पहिल्या वेळी पाहुण्यावर खटला चालू होता आणि दुसऱ्या वेळी अर्ज दिलेला होता.

सह्या गोळा करणाऱ्यांना मी नेहमी एक खोचक प्रश्न विचारतो. २०२४च्या डिनरला कमला हॅरिस गेल्या नाहीत, फक्त चित्रफीत पाठवली. १९८४चे डेमोक्रॅटिक उमेदवार मॉन्डेल यांच्यानंतर असं पहिल्यांदाच घडलं. ट्रम्प आले. त्याच प्रचारात ते टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचा खर्च सरकार किंवा विमा कंपन्या देतील असं आश्वासन देत होते. ख्रिस्तसभेची शिकवण त्या उपचारांच्या विरुद्ध आहे. देहदंडाचं तेच, २०१८मध्ये धर्मशिक्षण ग्रंथातला उतारा बदलून पोप फ्रान्सिस यांनी तो अस्वीकार्य ठरवला. मग ट्रम्प यांना बोलावू नका म्हणून तुम्ही सही केली होती का? बहुतेक वेळा समोरून उत्तर येत नाही. फूटपट्टी एकाच पक्षाला लावायची असेल तर तो निषेध राजकीय आहे. तो करायला हरकत नाही, पण त्यावर क्रूस काढू नये.

आणि जकातदारांचं काय? जक्कय या जकातदाराच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेला, यजमान म्हणून नाही. लोक कुरकुरले. जेवणातून जक्कय उठून उभा राहिला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत, असं बोलला. धर्मनियमांचा कडक आग्रह धरणाऱ्या एका परुश्याच्या घरी जेवताना तर येशूने त्याच्याच मेजावर 'तुम्हाला हाय हाय' असं सुनावलं, लूकच्या अकराव्या अध्यायात आहे. त्यामुळे 'येशू पाप्यांबरोबर जेवला' हे अर्धंच वाक्य झालं. जेवताना तो गप्प बसला नाही, हे दुसरं अर्धं.

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकेची फूटपट्टी जशीच्या तशी भारतात आणली तर आमंत्रणपत्रिका छापायलाच नको. आपला गर्भपाताचा कायदा १९७१चा. २०२१मध्ये काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली, तेव्हा राज्यसभेत ते विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. हा आपल्याकडे पक्षांमधला वादच नाही. आपला पेच वेगळा आहे: धर्मांतरविरोधी कायदे, अल्पसंख्याकांवरचे हल्ले, मणिपूर. २३ डिसेंबर २०२४ला पंतप्रधान दिल्लीत कॅथलिक बिशप परिषदेच्या केंद्रात नाताळच्या कार्यक्रमाला आले, तेव्हा ख्रिस्ती समाजात नाराजी उमटली ती या प्रश्नांमुळे. देशाच्या पंतप्रधानांना नाताळला बोलावू नये, असं मी म्हणणार नाही. फक्त आमंत्रणाबरोबर मणिपूरचं निवेदन हातात दिलं का, आणि ते दिल्याचं दुसऱ्या दिवशी जाहीर सांगितलं का, हे मी विचारीन.

गोव्याचं उदाहरण मला आश्वासक वाटतं. जुन्या गोव्याला ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला (सणाला) मुख्यमंत्री, मंत्री येतात, मिस्सेला बसतात. त्याच आर्चडायोसीसने फेब्रुवारी २०२०मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा मागे घ्या, असं पत्रक काढलं. आणि वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत उभं राहून स्थानिक सत्तेला आणि बिल्डरांना जे सुनावलं, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना मोकळी जीभ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आपल्या सणाचा खरा घोळ शाल-श्रीफळाचा आहे. महाराष्ट्रात जो येईल त्याला शाल पांघरायची आपली रीत, त्यामुळे स्वागत कुठे संपलं आणि सत्कार कुठे सुरू झाला ते कळतच नाही. त्यात एखादा उत्साही कार्यकर्ता फोटो काढतो आणि आठवड्याने तो नाक्यावरच्या फ्लेक्सवर झळकतो. एका धर्मग्रामात मी असं करायचो: नेते मिस्सेला आले तर इतरांसारखे बाकावर. वेदीजवळ, वाचनपीठावर कोणीही नाही. प्रवचन धर्मगुरूचं किंवा डीकनचंच (धर्मगुरूच्या खालची दीक्षा घेतलेल्याचंच) असतं, ते कॅनन कायद्याच्या ७६७व्या कलमात स्पष्ट आहे. मिस्सेनंतर मैदानात चहा, वडे, गप्पा, हवं तेवढं. शाल नाही, त्याऐवजी गुलाबाचं फूल आणि तेही सगळ्या पक्षांना सारखं. सभा सुरू व्हायच्या आधी मी स्वतः त्यांना बाजूला घेऊन पाण्याचा, जमिनीचा, जो चालू प्रश्न असेल तो सांगायचो आणि माईकवरही तोच सांगायचो. आचारसंहिता लागली की हेही बंद, कारण प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरता येत नाही. काही मंडळी रुसली, एक जण पुढच्या वर्षी आलाच नाही. वड्यांवर परिणाम झाला नाही.

तुमच्या सहीबद्दल. निवेदनात 'जेवायला बोलावू नका' एवढंच असेल तर करू नका. प्रापंचिकांना आपलं म्हणणं धर्मगुरूंना कळवण्याचा हक्क कॅनन कायद्याच्या २१२व्या कलमाने दिला आहे, तो वापरा. स्वतःच्या नावाने पत्र लिहा आणि तीन गोष्टी विचारा: त्या रात्री कोणाला पदक किंवा मानपत्र देणार आहात का, मदतीचा पैसा कोणाकडून येतो, आणि जन्माला न आलेल्या मुलांविषयी, स्थलांतरितांविषयी तुम्ही पाहुण्यांशी काय बोलणार आहात. पत्राची एक प्रत तुमच्या न्यू जर्सीतल्या बिशपांनाही पाठवा, कारण न्यूयॉर्कचे आर्चबिशप तुमचे नाहीत. उत्तर यायला महिना-दीड महिना लागतो, आणि पत्र दोन पानांच्या आत असेल तर ते वाचलं जातं.